मोठ्या रात्रीचे केशरी पाव

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्याकडे डिसेंबरात दिवेलागण पावणेतीनला होते. दुपारच्या पावणेतीनला! स्टॉकहोमला राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मी हे फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुमचा चार वाजताचा चहा व्हायच्या आत तुमचं शुभंकरोती!" तसंच असतं ते. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला सूर्य उगवतो, समोरच्या इमारतीच्या छपरावरून जरासा डोकावतो आणि आल्या पावली परत जातो. सहा तासांचा दिवस, त्यातही बहुतेक वेळ ढगच. मुलं अंधारात शाळेत जातात आणि अंधारातच घरी येतात. उत्तरेला किरुनाला तर या दिवसांत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. त्यामुळे स्टॉकहोमवाल्यांनी तक्रार केली तरी कुणी फारसं मनावर घेत नाही.

तर या अंधारात इथली माणसं एक पाव भाजतात. त्याचं नाव लुसेकात. 'कात' म्हणजे मांजर. केशरामुळे पिवळाधमक झालेला, इंग्रजी एस अक्षरासारखा, दोन्ही टोकं आत गुंडाळलेला, आणि त्या दोन्ही गुंडाळ्यांच्या मधोमध एकेक मनुका. १३ डिसेंबरला, लुसिया या ख्रिस्ती संत मुलीच्या दिवशी, घरोघरी, शाळांत, कचेऱ्यांत हा पाव असतो. गेली काही वर्षं तो आमच्याही घरी होतो. थोरली तेव्हा पाच वर्षांची होती आणि धाकटा दोन वर्षांचा, म्हणजे मदतीला दोन आणि निस्तरायला एक, असा आमचा कारखाना सुरू झाला.

आधी तारखेचा घोळ सांगते, कारण थोरलीने तो मला विचारला होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र २१ डिसेंबरच्या आसपासची, हे आपण भूगोलात शिकलेलो असतो. मग स्वीडनमध्ये मोठ्या रात्रीचा सण १३ ला का? तर पूर्वी युरोपात ज्युलियन पंचांग चालायचं. त्यातलं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा अकरा-बारा मिनिटांनी मोठं. अकरा मिनिटांनी काय होतंय, असं वाटेल. पण शतकांमागून शतकं ती मिनिटं साठत गेली आणि चौदाव्या शतकाच्या सुमाराला सगळ्यांत मोठी रात्र त्या पंचांगात १३ डिसेंबरला येऊन पोचली. लोकांच्या डोक्यात ती तारीख तिथेच बसली. पुढे १७५३ मध्ये स्वीडनने नवं पंचांग घेतलं. त्या वर्षी १७ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला, मधले अकरा दिवस गायब. मोठी रात्र २१ ला गेली, पण लुसिया जिथल्या तिथे राहिली.

आपल्याला हे नवल वाटायचं कारण नाही. आपली संक्रांतही उत्तरायणाचा सण, आणि सूर्य प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, तरी आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. कारण वेगळं आहे. आपलं पंचांग सूर्य ताऱ्यांच्या कुठल्या राशीत आहे ते बघतं, आणि ताऱ्यांचा व ऋतूंचा हिशोब हळूहळू एकमेकांपासून सरकत जातो. पण गंमत बघा, त्यांचा सण आठ दिवस आधी, आपला तीन आठवडे नंतर, आणि मधल्या खऱ्याखुऱ्या दिवसाला कुणी विचारत नाही. त्यातही एक मेख अशी, की संध्याकाळ सगळ्यांत लवकर होते ती इथे डिसेंबरच्या मध्याला, २१ ला नव्हे. २१ नंतर काही दिवस सकाळी उजाडणं आणखी उशिरा होत जातं, पण संध्याकाळ तोवर हळूहळू लांबायला लागलेली असते. म्हणजे डोळ्यांना जो अंधार बोचतो, तो १३ च्याच आसपासचा. जुन्या पंचांगाची चूक मुलांच्या दृष्टीने बरोबरच निघाली म्हणायची.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. नव्वदीला टेकलेल्या, ताठ, आणि बोलायला बसल्या की वेळेचं भान नसलेल्या. त्यांनी मुलांना सांगितलं होतं, की लुसियाची रात्र इतकी लांब, इतकी लांब, की गोठ्यातली गुरंढोरंही त्या रात्री माणसासारखी बोलतात. त्यांना जास्तीचा चारा घालायचा. बाहेर नको त्या गोष्टी हिंडत असतात, म्हणून जागं राहायचं, खायचं. आणि पाव पिवळाधमक का? तर अंधारातल्या सैतानाला उजेड सोसत नाही, म्हणून. मांजराचं नावही त्याच सैतानावरून आलं म्हणतात. धाकट्याने हे ऐकून घेतलं आणि रात्री मला विचारलं, "आपल्याकडे गुरं नाहीत, मग कोण बोलेल?" मी म्हटलं, "तू बोलतोस तेवढं पुरे."

आता पहिल्या वर्षीची फजिती. मी पोळ्या, भाकऱ्या, पुरणपोळ्या करणारी बाई. यीस्टशी माझी ओळख नव्हती. इथे ताजं यीस्ट मिळतं, ५० ग्रॅमची करड्या रंगाची वडी, हाताला साबणाच्या ओल्या तुकड्यासारखी लागते. त्यात दोन प्रकार असतात, एक साध्या पावासाठी, एक गोड पावासाठी. कारण साखर पाणी ओढून घेते आणि साधं यीस्ट गोड पिठात मरगळतं. मी बरोबर वडी आणली होती. चूक झाली ती दुधात. दूध कोमट करायचं, म्हणून लिहिलेलं होतं. आपल्या घरात कोमट म्हणजे काय? पाहुण्याला बरं वाटेल इतपत गरम. ते दूध मी यीस्टवर ओतलं आणि यीस्टचा कारभार आटोपला. ते जिवंत असतं हो! पन्नास अंशांच्या वर गेलं की मरायला लागतं. पीठ तासभर झाकून ठेवलं. थोरली दर पाच मिनिटांनी फडकं उचलून बघत होती. पीठ जसंच्या तसं. शेवटी तीच म्हणाली, "आई, ते झोपलंय का?"

ते पीठ आम्ही तसंच भाजलं. दगड झाले दगड. पण मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही, हे मला तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. त्यांनी त्या दगडांना नावं दिली, खिडकीत ओळीने मांडले आणि नाताळपर्यंत त्यांच्याशी खेळले.

शेजारच्या आजींनी पुढच्या वर्षी मला खरं कोमट शिकवलं. त्यांच्या भाषेत त्याला 'बोटाइतकं गरम' असा शब्द आहे, म्हणजे ३७ अंश, आपल्या अंगाइतकं. दुधात करंगळी बुडवायची. गरम लागलं नाही, गार लागलं नाही, बोट दुधात आहे की नाही हेच कळलं नाही, की झालं. हे काम तेव्हापासून धाकट्याकडे आहे. करंगळी बुडवून तो डोळे मिटतो आणि निकाल देतो, आणि त्याचा निकाल मी मानते. एकदा तो "अजून" म्हणाला आणि मी थर्मामीटर लावून बघितला तर ३४. तेव्हापासून थर्मामीटर खणात.

केशर मात्र आमच्या आईच्या अखत्यारीतलं. इथे केशर अर्ध्या ग्रॅमच्या इवल्याशा पुडीत मिळतं, आणि दुकानात ते बऱ्याचदा गल्ल्याजवळच ठेवलेलं असतं, कारण पुडी खिशात घालायला सोपी. एका घाण्याला दोन पुड्या लागतात, एक ग्रॅम. एका फुलाला तीन तंतू, आणि ग्रॅमभर केशराला दीडशेच्या आसपास फुलं खुडावी लागतात. व्हिडिओ कॉलवर आईने ते एक ग्रॅम बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, एवढ्यात अख्ख्या वाड्याचं श्रीखंड होईल!" मग तिने विचारलं, ते कोरडंच टाकणार का पिठात? इथले लोक केशर खलबत्त्यात साखरेच्या खड्याबरोबर कुटतात, मी तसंच करणार होते. आई म्हणाली, हां, बरोबर आहे, पण आधी वाटी जराशी गरम कर, तंतू कुरकुरीत होऊ देत, मग खल, मग चमचाभर दुधात भिजव आणि विसरून जा. केशराचा रंग पाण्यात उतरतो, तुपात उतरत नाही, म्हणून ते लोण्यात ढवळण्यापेक्षा दुधात भिजवलेलं चांगलं, हे मी नंतर वाचलं. आईला ते वाचायची गरज नव्हती.

खलायचं काम थोरलीचं. दगडी खलात साखर आधी खरखर आवाज करते, मग आवाज बदलतो, बारीक होतो, आणि पांढरी साखर एकदम विटकरी रंगाची दिसायला लागते. त्यावर दूध पडलं की पिवळ्या रेघा सुटतात, संथ, धुरासारख्या. दरवर्षी या क्षणाला दोघं डोक्याला डोकं लावून त्या वाटीत बघत असतात. मी त्या वेळात भांडी घासून घेते.

बाकीचं साहित्य ऐकायचं असेल तर ऐका. अर्धा लिटर दूध, दीडशे ग्रॅम लोणी वितळवून, दीडशे ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, ती ५० ग्रॅमची यीस्टची वडी, एक ग्रॅम केशर, आणि मैदा साडेआठशे-नऊशे ग्रॅम. यातून तीसेक पाव होतात. आजींनी त्यात एक गोष्ट घालायला सांगितली, इथे तिला क्वार्ग म्हणतात, आणि मी डबा उघडून चाखला तर तो आपला चक्का! पावशेर चक्का घातला आणि दूध थोडं कमी केलं की पाव मऊ राहतात. फोनवर हे ऐकून आई म्हणाली, "चक्का, केशर, साखर... मग भट्टीत कशाला घालतेस? वेलदोडा टाक आणि वाढ."

या पावाची मोठी तक्रार म्हणजे तो कोरडा पडतो. आज लोण्यासारखा, उद्या संध्याकाळी भुसा. त्यावर इथल्या प्रत्येक घरात एक उपाय आहे आणि प्रत्येकाला आपलाच बरोबर वाटतो. माझ्या अनुभवात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, मैदा कमी. पीठ हाताला थोडं चिकटत असतानाच थांबायचं, आपण पोळीच्या कणकेला जसा भस्सकन पिठाचा हात लावतो तसा लावायचा नाही. दुसरं, भट्टी चांगली तापलेली हवी, २२५ अंश, आणि पाव आत पाच ते आठ मिनिटंच. आमच्या भट्टीत साडेसहा. बाहेर आले की फडक्याखाली झाकायचे आणि जे त्या दिवशी संपणार नाहीत ते गार होताच फ्रीझरमध्ये. मनुका आधी पाण्यात भिजवलेल्या बऱ्या, कोरड्या मनुका पावातलंच पाणी ओढतात आणि भट्टीत करपून कडू होतात.

पण हे सगळं तंत्र झालं. मुलांबरोबर खरी मजा आणि खरी भांडणं होतात ती वळताना.

पीठ अर्धा-पाऊण तास फुगलं की त्याचे लिंबाएवढ्यापेक्षा थोडे मोठे गोळे करायचे आणि ओट्यावर दोन्ही तळव्यांखाली त्याचे साप वळायचे. वीत-सव्वा वीत लांबीचे. लहान मुलाला वाटतं ओढलं की लांब होईल. ओढतं ते, आणि सोडल्यावर साप सर्रकन आखडतो, गांडुळासारखा. धाकटा पहिल्यांदा इतका चिडला होता! मैद्यातला चिकटपणा असा असतो, की ताणलेलं पीठ मागे खेचलं जातं. त्याला पाच मिनिटं पडू द्यायचं, मग ते मुकाट्याने लांबतं. म्हणून आम्ही दहा साप अर्धे वळून ठेवतो, मग पहिल्याकडे परत येतो. ओट्यावर पीठ भुरभुरलं असेल तर साप घसरतो, वळत नाही. ओटा स्वच्छ, कोरडा, आणि तळवे किंचित ओलसर.

मग टोकं गुंडाळायची. एक टोक वरून आत, दुसरं खालून आत, उलट दिशेने. लहान मुलं हमखास दोन्ही टोकं एकाच बाजूने वळवतात आणि लुसेकातचा चष्मा होतो. मी पहिली दोन वर्षं ते चष्मे उलगडून सरळ करत होते. मुलांनी पाठ फिरवली, की मी गुपचूप हात घालायची. का, तर फोटो चांगला आला पाहिजे! थोरलीने एकदा मागे वळून मला रंगेहाथ पकडलं. ती काही बोलली नाही. फक्त पुढचे साप तिने वळले नाहीत, ओट्यावरून उतरली आणि आत जाऊन चित्रं काढत बसली. उरलेले वीस पाव मी एकटीने वळले. एकसारखे, देखणे. इतका कंटाळवाणा स्वयंपाक मी आयुष्यात केलेला नाही.

तेव्हापासून चष्मे चष्मेच राहतात. आजींकडून कळलं, की या पावाचे पूर्वापार अनेक आकार आहेत. एस आकाराला नाताळचा डुक्कर असंही म्हणतात. दोन एस एकमेकांवर आडवे ठेवून चार टोकांचं चाक होतं, ते बघून मला देवघरापुढची रांगोळी आठवते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ असतं. आणि एक आकार आहे, तीन-चार वळणं एकावर एक रचलेली, त्याचं नाव 'पाद्रीबुवांचे केस'. हे नाव ऐकल्यावर आमच्या घरात दुसरा कुठलाही आकार होईना. त्या वर्षी अठ्ठावीस पाद्री आणि दोन डुक्कर झाले होते.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं सांगत बसले, ती गोष्ट. दगडांच्या वर्षानंतरचं ते दुसरं वर्ष. पाव भट्टीतून बाहेर आले, मी ताट उचललं, आणि थोरली ओरडली, "थांब! पहिला खिडकीत ठेवायचा. आपण नेहमी ठेवतो!"

नेहमी? आम्ही हा उद्योग आयुष्यात दुसऱ्यांदा करत होतो. पहिल्या खेपेला दगड झाले होते आणि खाता येईनात म्हणून ते खिडकीत गेले होते. सहा वर्षांच्या मुलीच्या लेखी ते 'नेहमी' झालं होतं. एकदा झालं ती घटना, दुसऱ्यांदा झालं की रीत. मी हसले, पण एक पाव खिडकीत ठेवला. आजवर दरवर्षी ठेवतो. काचेपलीकडे बर्फ, अलीकडे विजेच्या सात मेणबत्त्यांचा दिवा, जो इथे घरोघरी खिडकीत असतो, आणि त्याच्या पायाशी एक केशरी पाव. आमच्या मजल्यावरच्या एका स्वीडिश बाईंनी विचारलं, ही भारतातली पद्धत का? मी हो म्हणाले. समजावत कोण बसणार!

मला आधी वाटायचं, की आपण दुसऱ्यांच्या घरातली रीत उचलतोय, आपल्या घरात तिला मुळं नाहीत. मग लुसियाचं वाचलं. इसवी सन ३०४ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजला हुतात्मा झालेली ही मुलगी, नावाचा अर्थ उजेड. पांढऱ्या झग्यातली, उजेड घेऊन आलेली लुसिया स्वीडनमधल्या एका जमीनदाराच्या घरी दिसल्याची पहिली लेखी नोंद १७६४ ची. आणि डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, मागे पोरांची रांग, असं जे रूप आज देशभर दिसतं ते पसरलं १९२७ नंतर, स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लुसिया निवडायची स्पर्धा काढली त्यानंतर. म्हणजे ज्या गोष्टीला इथली आजी-आजोबा मंडळी 'नेहमी' म्हणतात, ती त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांदेखत देशभर झाली. शेजारच्या आजींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असेल. पण आमच्याकडे नेहमीच होती." त्यांचं आणि थोरलीचं 'नेहमी' मला तेव्हा अगदी एका मापाचं वाटलं.

आजी गेल्या वर्षी गेल्या. मुलांनी त्यांच्यासाठी एक डबा वेगळा काढायची सवय ठेवली आहे. तो आता आम्ही जिन्यातल्या नव्या बिऱ्हाडाला देतो. तिथे दोन महिन्यांचं बाळ आहे आणि त्याचे आईबाप उभ्या उभ्या जेवतात.

१२ च्या संध्याकाळी ओटा पुसून मी झोपते. १३ ला पहाटे, म्हणजे सहाला, अजून उजाडायला अडीच तासांच्या वर अवकाश असतो, स्वयंपाकघरात कुजबुज ऐकू येते. ताटांची, खुर्ची सरकवण्याची, "हळू रे", "तू हळू". थोरली यंदा अकरा वर्षांची आहे, तिला आता मुकुट बालिश वाटतो, म्हणून तो धाकट्याच्या डोक्यावर असतो, बॅटरीवरचा, एका बाजूला कललेला. तो ताट धरून दारात येतो. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करते. मग गाण्याची पहिली ओळ सुरू होते, चुकीच्या पट्टीत. ताट माझ्या पांघरुणावर येतं. मी एक पाव उचलते आणि दिव्याकडे धरते. दोन्ही गुंडाळ्यांच्या मधोमध मनुकेच्या जागी नुसते खड्डे. दुसरा उचलते. त्यालाही खड्डे. ताटातल्या साती पावांना खड्डे.

"मांजराने खाल्ल्या," धाकटा म्हणतो. मुकुट सावरता सावरता.